भुईतला गुणगुणाट

कार्तिक संपत आला की आमच्याकडची हवा जड होते. गुऱ्हाळं पेटलेली असतात. त्यांचा गोडसर धूर सकाळी वर जायला तयारच नसतो, उसाच्या शेंड्यांवर पसरून राहतो, आणि राहू गावावरून यवतला मोटरसायकलने गेलं तरी स्वेटरला काकवीचा वास लागतो. माणसांना या दिवसांत ताज्या गुळाची, हुरड्याची, शेकोटीची आठवण येते. मला चिडचिड होते. दरवर्षी होते, आणि घरच्यांना आता त्याचं काही वाटत नाही. थंडी पडली, पप्पांच्या नादी लागू नका, असं माझी मुलगी सगळ्यांना बजावून ठेवते.

परवा तीच मोबाईल घेऊन आली. "पप्पा, हे बघा, क्वांटम कॉम्प्युटर!" पडद्यावर सोनेरी नळ्यांचं एक झुंबर लटकत होतं. त्याच्याभोवती कॅमेरा लाडाने फिरत होता, मागे संगीत चालू होतं. मी म्हटलं, हा नुसता फ्रीज आहे. ती हिरमुसली. मी म्हटलं, वरून त्या तारा निघाल्यात ना, त्या कुठं जातात ते दाखव. तारा छतापर्यंत गेल्या आणि व्हिडिओ संपला. नेहमी तिथंच संपतो. त्या तारांच्या दुसऱ्या टोकाला कपाटं भरभरून साधी इलेक्ट्रॉनिक्स असते, पेट्यांवर पेट्या रचलेल्या, पंखे घरघरत असलेले, आणि त्या पेट्यांनी सांगितल्याशिवाय झुंबरातलं इवलंसं काहीही जागचं हलत नाही. पण पेटीचा फोटो कोण काढणार? मी मुलीवर उगाचच खेकसलो आणि बाहेर येऊन बसलो. बाहेर तोच धूर होता.

अशी एक पेटी मी केली होती. शतक नुकतंच बदललं होतं, खिशाखिशात मोबाईल यायचा होता आणि पुण्याला बोलायचं तर यवतच्या एसटीडी बूथवर जावं लागायचं. मी रांजणगावला एका कारखान्यात कंट्रोल पॅनेलची देखभाल करायचो, शिफ्टमध्ये. माझा कॉलेजातला मित्र माधव पुण्यात एका संशोधन संस्थेत होता. दिवाळीच्या आधी तो एकदा घरी आला आणि अंगणातल्या बाजेवर बसून त्याने मला त्याचा क्वांटम कॉम्प्युटर समजावून सांगितला. त्याचा कॉम्प्युटर म्हणजे पेन्सिलीएवढी काचेची नळी, तिच्यात थोडा द्रव, आणि भोवती एक मोठा लोहचुंबक. द्रवाच्या रेणूंमधले अणुगर्भ म्हणजे छोटे छोटे चुंबकच. ते वर तोंड करून असतात, खाली करून असतात, आणि मधल्या कुठल्या तरी अवस्थेतही असतात, जिचा आपल्याला गणितासाठी उपयोग होतो. पण त्यांना स्वतःचं काही कळत नाही. बाहेरून मोजून-मापून रेडिओचे ठोके द्यावे लागतात, तेव्हा ते वळतात. आणि त्यांचा ताल टिकावा म्हणून नळीभोवतीच्या लहान लहान वेटोळ्यांत अगदी स्थिर करंट ठेवावा लागतो. करंट केसभर थरथरला तरी बिचारे सगळं विसरतात. "विसरतात" हा माधवचाच शब्द.

त्याला ती ठोके देणारी आणि करंट स्थिर ठेवणारी पेटी हवी होती. परदेशातून मागवली तर यायला वर्ष लागणार आणि त्यांचं काम मार्चच्या आत दाखवायचं होतं. त्याच्या वरच्या मॅडमची एकच अट होती. लोहचुंबकाजवळ आणायच्या आधी त्या स्वतः येऊन बघणार, करंटची रेषा तासभर सरळ राहिली तर पेटी घेणार, आणि पाठोपाठ आणखी पेट्या सांगणार. मला एवढंच ऐकायचं होतं. रेषा सरळ राहिली तर मी गावात बसून यंत्रं करणारा माणूस होणार होतो. नाही राहिली तर पुन्हा कंपनीच्या बसमध्ये. मी नोकरी सोडली.

आमच्या आजोबांच्या काळी घरात मेंढरं होती. तेव्हाची लोकर ठेवायची खोली गोठ्याला लागून होती, ती मी झाडून घेतली. बुधवार पेठेतून एक जुना स्कोप आणला. त्याच्या हिरव्या पडद्यावर करंटची रेषा दिसायची. चाचणीच्या वेटोळ्याला दिवसाची ऊन-थंडी लागू नये म्हणून अंगणात खड्डा घेऊन एक माठ पुरला आणि वेटोळं त्यात सोडलं. वडील, म्हणजे आमचे आबा, हे सगळं उंबऱ्यात बसून बघायचे.

"हाय काय त्या पेटीत?"

मी सांगितलं. हेही सांगितलं की तो कॉम्प्युटर काम करत असताना आत डोकावून चालत नाही. बघितलं की काम मोडतं, शेवटी एकदाच बघायचं.

आबांनी तंबाखू मळली, चिमूट सोडली. "मंग भात हाय त्यो," ते म्हणाले. "झाकण काढायचं न्हाई." आणि त्यानंतर वस्तीवर कुणी विचारलं, की धाकटा खोलीत काय करतो, तर ते बिनदिक्कत सांगायचे, "भात लावलाय त्यानं. मार्चपातूर शिजंल."

पेटी पंधरा-वीस दिवसांत उभी राहिली. ठोके बरोबर पडत होते, अगदी हवे तितक्या लांबीचे. त्याचा मला अजूनही अभिमान आहे. पण करंटची रेषा? ती रेषा नव्हतीच. तिला अंग आलं होतं. सुताएवढी बारीक दिसायला हवी ती करगोट्याएवढी जाड, आणि जवळून बघावं तर तिच्यावर एकसारख्या लाटा. सेकंदाला पन्नास. विजेचा गुणगुणाट. ज्यांनी रेडिओ दुरुस्त केलाय त्यांना तो माहीत असतो; ओळखीचा असतो, घरच्यासारखा, आणि घरच्यासारखाच हाकलून जात नाही.

मी काय केलं नाही? ट्रान्सफॉर्मर बदलला. कपॅसिटर वाढवले. तारांना पीळ घातले. तेलाचे डबे कापून त्यांचा पत्रा पेटीला आतून लावला. अर्थिंगची तार काढून बघितली तर पेटी हाताला झिणझिण्या द्यायला लागली आणि लाटा दुप्पट झाल्या. सगळा बोर्ड उकलून पुन्हा जोडला. डोळे चुरचुरायचे, बोटांना सोल्डरिंगचे चटके, आणि बाहेर सगळं कसं छान चाललेलं: उसाच्या गाड्या जातायत, कुणी काहिलीतून काढलेली गुळाची ढेप आणून देतंय, कुणी हुरड्याला बोलावतंय. मी कुठंच गेलो नाही. जेवणात मीठ जास्त झालं तरी मला ती पन्नासाची लाट वाटायची.

आणि मग डिसेंबरात, नवा बोर्ड चढवला त्याच आठवड्यात, रेषा सरळ झाली. सकाळी सरळ, दुपारी सरळ. संध्याकाळी किंचित जाड व्हायची, पण ते चालण्यासारखं होतं. तीन दिवस मी कुणाला सांगितलं नाही, दृष्ट लागेल म्हणून. चौथ्या दिवशी यवतला गेलो, बूथच्या काचेच्या खोक्यात उभा राहिलो आणि माधवला ओरडून सांगितलं, जमलं! त्याने मॅडमना विचारून संक्रांतीनंतरचा एक दिवस ठरवला. येताना मी घरच्यांसाठी भेळ आणली. खोलीच्या दाराला नवी कडी लावली. पुढच्या पेट्या कुठं ठेवायच्या, त्याची फळीसुद्धा ठोकली.

संक्रांत झाली. तिळगूळ वाटून झाले. दुसऱ्या दिवशी स्कोप लावला आणि रेषा पुन्हा जाड.

तो राग मला आजही सांगता येत नाही. काहीच बदललं नव्हतं. तोच बोर्ड, तीच तार, तोच माठ. मी पेटीला शिव्या दिल्या, माधवला दिल्या, त्या मुळात विसराळू असलेल्या अणुगर्भांना दिल्या. आबा म्हणाले, "वरडून शिजतो व्हय भात?" मी त्यांच्याशी दोन दिवस बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी स्कोपसमोर नुसता बसलो होतो. हाताने काही करत नव्हतो. आणि बघता बघता रेषा आणखी फुगली. कुणी आतून हवा भरावी तशी. त्याच वेळी बाहेर पाणी ओतल्याचा आवाज आला. मी बाहेर गेलो तर वहिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको, पोल्ट्रीच्या शेडपाशी रिकामा तांब्या घेऊन उभी. तिच्या पायापाशी भुईत ठोकलेली लोखंडी सळई, भोवती ओला चिखल, आणि सळईला बांधलेली वायर शेडमध्ये गेलेली.

"काय केलंत आत्ता?"

"पाणी वतलं. दिवं मंद झालं हुतं. पिल्लं गारठत्यात की."

"परत ओता."

"आत्ताच तर वतलं, भावजी."

"वहिनी, परत ओता!"

तिने घाबरून हौदातून तांब्या भरला, सळईवर रिकामा केला. मी पळत आत गेलो. रेषा फुगलेली. मी तिला आणखी दोनदा ओतायला लावलं, तेव्हा तिने दादाला हाक मारली. तिला वाटलं भावजींचं डोकं फिरलं.

सांगायला सोपं आहे. दिव्याला दोन तारा लागतात. एकीतून वीज येते, दुसरीतून परत जाते. आमच्या वस्तीवरची ती परतीची तार दोन पावसाळ्यांपूर्वी वादळात तुटली आणि तिची गुंडाळी करून कुणी तरी खांबाला अडकवून ठेवली होती. राहिली एकच तार. मग माणसांनी काय करावं? दाराशी सळई ठोकायची, दिव्याचं दुसरं टोक तिला बांधायचं. वीज भुईतून परत जाते. भुई ओली असली तर दिवा लख्ख, सुकली तर पिवळा. म्हणून बाया दिवेलागणीला तुळशीला पाणी घालतात तसं सळईला घालायच्या, वर चिमूटभर मीठ. सगळ्या वस्तीची रीत होती ती. म्हशीसुद्धा सळईच्या बाजूला पाय ठेवायच्या नाहीत, एवढं त्यांनाही ठाऊक होतं. आणि त्याच भुईत माझा माठ, माझं अर्थिंग.

संध्याकाळी वस्तीचे दिवे लागायचे तेव्हा रेषा थोडी जाड व्हायची. पण खरा भार वहिनीच्या शेडचा होता. एक दिवसाची पिल्लं आली की त्यांना ऊब द्यायला मोठाले दिवे रात्रंदिवस टांगून ठेवायचे. पिल्लं मोठी झाली की दिवे काढायचे. दिवाळीनंतर एक बॅच आली होती, ती डिसेंबरात मोठी झाली; संक्रांतीला दुसरी आली. माझ्या नव्या बोर्डाने काहीही केलं नव्हतं. कोंबड्यांना पिसं फुटली होती, एवढंच झालं होतं, आणि त्यावर मी भेळ आणली होती.

मॅडम यायला पाच दिवस होते. मी वीज ऑफिसात गेलो. आमच्या भागाचा वायरमन ओळखीचाच.

"मामा, परतीची तार ओढून द्या."

"तार हाय वो. क्लॅम्प न्हाई." दुसऱ्या दिवशी क्लॅम्प होता, शिडी न्हेली हुती कुणी. तिसऱ्या दिवशी त्याने मला चहा पाजला आणि समजुतीने विचारलं, "दिवं लागत्यात न्हवं तुमचं?"

"लागतात."

"मंग? अर्जात लिव्हायचं काय? दिवं लागत्यात म्हणून तक्रार?"

मी त्याला सांगू लागलो की भुईतून करंट वाहतो, त्याने वेटोळ्यातला करंट थरथरतो, त्याने अणुगर्भ विसरतात. तो शेवटपर्यंत ऐकत होता. ऐकून झाल्यावर म्हणाला, "साहेब, हितं मान्सं इसारत्यात." मला त्याचा गळा धरावासा वाटला. चहाचे पैसेही त्यानेच दिले, त्यामुळे तेही करता येईना.

घरी येऊन वहिनीला सांगितलं. मागायला जीभ उचलत नव्हती. ती शेड तिने बचत गटातून उभी केली होती आणि थंडीत दिवे बंद म्हणजे पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढून मरतात, हे मला माहीत होतं. ती पदराला हात पुसत ऐकत राहिली.

"किती येळ?"

"तासभर. दुपारी."

"तुमचं काम हुईल त्येच्यानं?"

"होईल."

"मंग बघते मी," ती म्हणाली आणि भाकरी थापायला बसली.

तिने काय केलं ते मला मॅडम यायच्या दिवशीच कळलं. सकाळी तिने गुऱ्हाळाच्या चुलवणातले निखारे घमेल्यांत भरून आणले, वर राख घातली, शेडमध्ये जागोजागी ठेवले, उन्हाच्या बाजूचे पडदे वर केले आणि बाकीच्या बाजूंना गोणपाट लावलं. मग घरोघर गेली. पाहुणे आले की कुणी दिवा लावायचा नाही, टेप लावायचा नाही, पाण्याच्या टाकीतला रॉड लावायचा नाही. आमच्या धाकट्या भावजींची परीक्षा हाय, असं तिने सांगितलं होतं. कुणी कशाची म्हणून विचारलं नाही.

माधव आणि मॅडम जीपने आले. मॅडम पन्नाशीच्या, सुती साडीतल्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी स्वतःचा स्कोपही आणला होता. सगळं जोडलं. रेषा उमटली. सुताएवढी. मी श्वास धरून बसलो. अर्धा तास, पाऊण तास, तास. रेषा सरळ. माधवने मॅडमच्या पाठीमागून मला अंगठा दाखवला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. मग मॅडमनी सहज विचारलं, इथं इतकी शांतता कशी? आणि मी, आनंदाच्या भरात, सळईपासून निखाऱ्यांपर्यंत सगळं सांगून टाकलं. त्या मनापासून हसल्या. वहिनीचं कौतुकही केलं. आणि म्हणाल्या, "आता सगळं परत लावायला सांगता?"

वहिनीने बटन दाबलं. वस्तीवर हाकारा गेला. बायांनी हौसेने सळयांवर पाणी ओतलं. रेषा फुगली.

मॅडमनी त्या फुगलेल्या रेषेवर बोट ठेवलं. "आमच्या इमारतीला लिफ्ट आहे," त्या म्हणाल्या. "खाली वर्कशॉपमध्ये वेल्डिंग चालतं. त्यांना बंद करा असं मी नाही म्हणू शकत. जमीन हलणारच हो. रेषा हलायला नको."

त्या चिडून बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. भांडता आलं असतं. पण त्या बरोबर होत्या आणि वर प्रेमळही होत्या. नळीतल्या त्या नाजूक वस्तूला बाहेरच्या जगाचा धक्का लागू नये, हेच तर पेटीचं काम. आणि मी काय केलं? पेटीला धक्का लागू नये म्हणून जगालाच गप्प बसवत हिंडलो. जीप गेली. मार्च आला. त्यांनी परदेशी यंत्र मागवलं, उशीर सोसून. मी पुन्हा रांजणगावला, शिरूरला खोली घेऊन.

उपाय मला पुढच्या वर्षी सुचला. कंपनीच्या बसमध्ये, खिडकीला डोकं टेकून पेंगत असताना. पेटीचा भुईशी संबंधच तोडायचा. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालवायची, आणि ठोक्यांचे हुकूम तारेतून न पाठवता उजेडातून, बारीक दिव्याच्या उघडझापीने पाठवायचे. तेवढ्यासाठी लागणारे चिमुकले भाग त्या खोलीतल्या डब्यात पडून होते, मीच आणलेले, दुसऱ्या कामासाठी. मी बसमध्येच मोठ्याने एक शिवी हासडली. शेजारचा बिहारी पोरगा दचकून म्हणाला, क्या हुआ भैया? त्याला काय सांगणार? माधव तोवर परदेशी गेला होता. मी पेटी पुन्हा उघडली नाही. का नाही उघडली, याचं एक चांगलंसं उत्तर मी इतकी वर्षं शोधतोय, आणि थंडी पडली की नव्याने चिडतोय.

त्या दुपारचं एक राहिलं. जीप वळणाआड गेली तरी मी रस्त्यातच उभा होतो. मागे वळलो तर वस्तीवरच्या चार-पाच बाया शेडपाशी जमलेल्या आणि वहिनी मध्ये. त्यांनी दिवे बंद होताना पाहिले, लागताना पाहिले, पाहुणी हसून कौतुक करून गेलेली पाहिली. त्यांना वाटलं, परीक्षा अर्धी झाली.

"परत कवा बंद करायचं, भावजी?" वहिनीने विचारलं. "निखारं मी आणते. ह्या समद्या तयार हायत्या."

"माझा तर रातभर बंद ठिवीन की," मागून एक म्हातारी म्हणाली. "मला काय करायचाय दिवा!"

मी म्हणालो, सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी बटनापाशी उभी. "आज करू?" मी म्हणालो, आज नको. तिसऱ्या दिवशी तेच. पिल्लं वाढत होती, ती रोज विचारत होती, आणि तिच्या बंद करण्याने आता काही होणार नाही हे मी तिला सांगू शकत नव्हतो. शेवटी पिल्लांना पिसं फुटली. एका सकाळी तिने दिवे उतरवले, पुसून टोपलीत ठेवले आणि टोपली डोक्यावर घेऊन थेट माझ्या दारात आली.

"घ्या, भावजी. आता बंदच हाय समदं," ती म्हणाली. "करा आता निवांत तुमचं काम."

मी शिरूरला जायची पिशवी भरत होतो.